वाऱ्याची मोट आणि समुद्रातील शेती

२०२३ च्या जून महिन्यात पेरू सरकारने आपल्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा माशाचा वर्षातील पहिला मोठा हंगाम रद्द केला. पाहणीसाठी गेलेल्या बोटींच्या जाळ्यांत पूर्ण वाढ झालेली मासळी थोडी आणि पिल्ले फार, असे आढळून आले होते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापलेले होते. जगातील मत्स्यचूर्णाचा सुमारे पाचवा हिस्सा हा एक देश पुरवतो. त्यामुळे कारखान्यांची धुराडी थंडावली, बोटी बंदरात उभ्या राहिल्या आणि त्या वर्षी पेरूचे राष्ट्रीय उत्पन्न वाढण्याऐवजी किंचित घटले. घट होण्याला इतरही कारणे होती. तथापि एका बोटभर लांबीच्या माशाच्या गैरहजेरीने एखाद्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात फरक पडावा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारी आहे.

आमच्या पाठ्यपुस्तकांत उत्पादनाचे घटक म्हणून भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन यांची गणना होते. त्यातील ‘भूमी’ या शब्दात समुद्रही येतो, असे एका ओळीत सांगून शिक्षक पुढे जातात. मीही अनेक वर्षे तसाच पुढे गेलो. परंतु समुद्र ही सर्वत्र सारखी सुपीक भूमी नव्हे. तिच्यात माळरानेही आहेत आणि मळेही आहेत. कोठे मळा असावा आणि कोठे माळ, हे ठरविणारी जी व्यवस्था निसर्गात आहे, ती समजून घेतल्याखेरीज मासेमारीच्या धोरणाविषयी बोलणे म्हणजे पर्जन्यमान न पाहता पीककर्जाचे आकडे ठरविण्यासारखे आहे.

ऊन वर, खत खाली

समुद्रातील सर्व जीवनाचा पाया म्हणजे वनस्पतिप्लवक. डोळ्यांना न दिसणाऱ्या या सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी, त्यांना खाणारी लहान मासळी आणि तिला खाणारे मोठे मासे, अशी ती उतरंड आहे. या सूक्ष्म वनस्पतींनाही शेतातील पिकाप्रमाणे खत लागते. नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट ही त्यांची प्रमुख खते होत. कार्बनचे १०६ अणू घेतले तर नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १, असे त्यांच्या शरीराचे सर्वसाधारण प्रमाण असते, हे रेडफील्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिले. यातील एखादे द्रव्य संपले की वाढ खुंटते. मग वर कितीही लख्ख ऊन असो.

अडचण अशी की समुद्रात ऊन आणि खत यांची फारकत झालेली आहे. सूर्यप्रकाश पुरेशा प्रमाणात पोहोचतो तो वरच्या थरात. स्वच्छ पाण्यात फार तर शंभर-दोनशे मीटर, किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात त्याहून कितीतरी कमी. या थरातील प्लवक खत शोषून घेतात, मरतात आणि त्यांचे अवशेष व प्राण्यांची विष्ठा हळूहळू खाली बुडत जाते. खालच्या अंधारात जिवाणू त्या अवशेषांचे विघटन करतात आणि खत पुन्हा मोकळे होते. म्हणजे वरच्या शेताला ऊन आहे पण खत नाही, आणि खालच्या तळघरात खत साठलेले आहे पण ऊन नाही. त्यातच वरचे पाणी तापलेले व हलके, तर खालचे थंड व जड असल्यामुळे दोहोंच्या मध्ये एक प्रकारचा पडदा पडलेला असतो. उष्ण कटिबंधातील खोल समुद्राचा जो निळाशार रंग आपल्याला मोहवितो, तो वस्तुतः त्याच्या नापिकीचा रंग होय. सुपीक समुद्र हिरवट दिसतो.

या तळघरातील खत वर आणण्याचे दोन प्रमुख मार्ग निसर्गाकडे आहेत. पहिला ढवळण्याचा. हिवाळ्यात पृष्ठभाग थंड झाला की ते पाणी जड होऊन खाली बुडते, त्याची जागा खालचे पाणी घेते आणि दोन्ही थर मिसळतात. उत्तर अरबी समुद्रात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वाहणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्यांमुळे हेच घडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या क्रियेचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. दुसरा मार्ग उपसण्याचा, आणि किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागला की तो पाणी आपल्या दिशेने ढकलील, अशी आपली सहज समजूत असते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हलणारे पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. नॉर्वेचा संशोधक नान्सेन ‘फ्राम’ या जहाजातून उत्तर ध्रुवाकडे गेला असता हिमखंड वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न वाहता उजवीकडे कलत वाहतात, असे त्याला दिसले. त्याचे गणित एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडले आणि १९०५ साली ते सविस्तर प्रसिद्ध झाले. वरच्या थराचे एकंदर वहन वाऱ्याशी काटकोनात होते, असा त्याचा निष्कर्ष होता. पेरूच्या किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. त्याच्या डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, खुला महासागर आहे. परिणामी किनाऱ्याजवळचे वरचे पाणी समुद्राकडे रेटले जाते आणि पडलेली पोकळी भरून काढण्यासाठी खालचे थंड, खताने समृद्ध पाणी वर येते. त्याची गती दिवसाला फार तर काही मीटर. पण ही वाऱ्याची मोट वर्षभर चालू असते.

या मोटेचे पाणी किती थंड असते? लिमा शहर विषुववृत्तापासून केवळ बारा अंश दक्षिणेला आहे. त्याच अक्षांशाच्या आसपास ब्राझीलच्या किनाऱ्यावर समुद्र सुमारे २६ अंश तापमानाचा असतो. लिमाजवळ तो बहुतेक काळ १६ ते १८ अंशांचाच असतो. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने १८०२ साली तेथे तापमापक बुडविला तेव्हा या थंडपणाचे त्याला नवल वाटले होते. आज त्या प्रवाहाला त्याचेच नाव आहे. जगात असे पाणी वर येणारे प्रमुख पट्टे मोजके आहेत. पेरू-चिली, कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका, नामिबियालगतचा नैर्ऋत्य आफ्रिकेचा किनारा आणि पावसाळ्यातील सोमालिया-ओमानचा किनारा, ही त्यातील ठळक नावे. महासागरांच्या क्षेत्रफळात यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. समुद्रातून पकडल्या जाणाऱ्या मासळीत मात्र तो सुमारे पाचव्या हिश्श्याचा मानला जातो. उसाच्या पट्ट्याला राज्याच्या राजकारणात जे स्थान मिळते, तेच या पट्ट्यांना जगाच्या मत्स्यव्यवसायात आहे.

पेरूने दोनदा पाहिलेली श्रीमंती

या मोटेवर पेरूने एका शतकाच्या अंतराने दोन वेळा आपला संसार थाटला आणि दोन्ही वेळा तो विसकटला. पहिल्या वेळी माल होता पक्ष्यांची विष्ठा. अँकोव्हेटा खाऊन जगणारे कोट्यवधी समुद्रपक्षी चिंचा आणि अन्य बेटांवर वस्ती करीत. तेथे पाऊस जवळजवळ पडत नसल्याने त्यांच्या विष्ठेचे डोंगर शतकानुशतके साचले होते. ‘ग्वानो’ या नावाने ओळखले जाणारे ते खत १८४० नंतर युरोपातील शेतांवर जाऊ लागले. चीनमधून आणलेल्या मजुरांनी अमानुष परिस्थितीत ते खणले. सरकारी महसुलाचा मोठा भाग त्यातून येऊ लागला आणि त्याच्या तारणावर परदेशांत कर्जे काढण्यात आली. साठा संपत आला तेव्हा कर्जे शिल्लक होती. १८७६ मध्ये पेरूने कर्जफेड थांबविली. समुद्राच्या तळघरातून वर आलेले, मासळीतून पक्ष्यांत आणि पक्ष्यांतून बेटांवर साचलेले हजारो वर्षांचे भांडवल एका पिढीने चालू उत्पन्न म्हणून खर्च केले, हा या कथेचा मथितार्थ.

दुसऱ्या वेळी पक्ष्यांना वगळून माणूस थेट माशापर्यंत पोहोचला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील सार्डीन मासळी संपुष्टात आली आणि तेथील रिकामी पडलेली यंत्रसामग्री पेरूकडे वळली. आपल्याकडील मांदेलीच्या कुळाशी नाते सांगणारा अँकोव्हेटा वाळवून, दळून त्याचे चूर्ण युरोप-अमेरिकेतील कोंबड्या व डुकरांना खाऊ घातले जाऊ लागले. साठीच्या दशकात वजनाच्या हिशेबाने पेरू हा जगातील पहिल्या क्रमांकाचा मच्छीमार देश बनला. १९७० साली त्याने सुमारे १ कोटी २० लाख टन मासळी पकडली. वर्षाला ९५ लाख टनांपेक्षा अधिक पकडू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला तेव्हा समोर होता. पण बोटी आणि कारखाने त्याहून कितीतरी अधिक क्षमतेचे उभारले गेले होते. त्यांच्यावर कर्जे होती, आणि उभ्या यंत्राला व्याज थांबत नाही.

१९७२ मध्ये एल निनो आला. नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला पेरूच्या खलाशांनी दिलेले हे नाव. अर्थ बाळ येशू. सामान्यतः प्रशांत महासागरावरील पूर्वेकडून वाहणारे वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटून ठेवतात. हे वारे मंदावले की ते उबदार पाणी पूर्वेकडे सरकते आणि पेरूच्या किनाऱ्यावरील उबदार थराची जाडी वाढते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. एल निनोच्या वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरचा वारा बंद पडतोच असे नाही. मोट चालूच असते. पण थंड पाण्याची पातळी इतकी खोल गेलेली असते की मोटेत उबदार, निकस पाणीच येते. दुष्काळात विहिरीचे पाणी तळाला गेल्यावर बैल फिरत राहावेत आणि मोट रिकामी वर यावी, तसाच हा प्रकार.

त्या वर्षाच्या आरंभी आणखी एक चकवा घडला. थंड पाणी किनाऱ्यालगतच्या थोड्या पट्ट्यात उरल्यामुळे मासळी तेथे दाटीने जमली आणि जाळ्यांत भरघोस येऊ लागली. पकड वाढली म्हणून साठाही वाढला असावा, असा सोयीचा अर्थ लावला गेला. प्रत्यक्षात ती शेवटची गर्दी होती. १९७३ मध्ये पेरूची पकड २० लाख टनांच्याही खाली गेली. सरकारने उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. पण राष्ट्रीयीकरणाने मासळी परत येत नाही. ती पूर्वपदावर येण्यास नव्वदीचे दशक उजाडावे लागले. दोष केवळ समुद्राचा होता काय? एल निनो त्यापूर्वीही येत होते आणि मासळी सावरत होती. या वेळी निसर्गाचा तडाखा बसला तो आधीच पोखरलेल्या साठ्यावर.

एका समुद्राचे अनेक हिशेब

लिमाच्या बंदरातील हा तोटा तेथेच थांबला नाही. मत्स्यचूर्ण मिळेनासे झाल्यावर पशुखाद्यासाठी सोयाबीनची मागणी वाढली. त्याच सुमारास सोव्हिएत संघाची मोठी धान्यखरेदी आणि अन्यत्र बुडालेली पिके यांची भर पडून भाव भडकले. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदीच घातली. सोयाबीनवर ज्याचे रोजचे अन्न अवलंबून होते त्या जपानने हा धडा घेतला आणि पुढे ब्राझीलमधील लागवडीला भांडवल पुरविले. आज ब्राझील सोयाबीनचा प्रमुख निर्यातदार आहे, त्यामागील अनेक कारणांपैकी एक कारण असे पेरूच्या समुद्रात सापडते.

१९७२ हा आकडा महाराष्ट्रातील वाचकाला वेगळ्याच कारणाने आठवेल. खडी फोडणारी माणसे, सुकडीची पाकिटे आणि चाऱ्याअभावी विकलेली जनावरे यांचे ते वर्ष. रोजगार हमी योजनेचा जन्म त्याच दुष्काळातला. भारतातील वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधील हवेच्या दाबाचा हेलकावा शोधून काढला. त्या हेलकाव्याचा आणि एल निनोचा संबंध बर्कनेस यांनी १९६९ मध्ये जोडून दाखविला. म्हणजे पेरूच्या कोळ्याला उपाशी ठेवणारी आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याला खडी फोडावयास लावणारी घडामोड पुष्कळ अंशी एकच होती. अर्थात हे नाते यांत्रिक नव्हे. १९९७ मध्ये फार प्रबळ एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. तथापि हवामानाच्या या हिशेबवहीत आपले आणि पेरूचे खाते एकमेकांना जोडलेले आहे, एवढे निश्चित.

खुल्या समुद्राचे अर्थशास्त्र

पेरूच्या कहाणीत हावरटपणा आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. अर्थशास्त्राचे उत्तर अधिक अप्रिय आहे. स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली असे दाखविले की ज्या समुद्रात कोणासही मुक्त प्रवेश आहे, तेथे सर्वजण सरळमार्गी व समंजस असले तरी शेवटी कोणाच्याच हाती काही उरत नाही. शेताच्या मालकाला सुपीकतेचा मोबदला खंडाच्या रूपाने मिळतो, म्हणून तो ती जपतो. समुद्राची सुपीकता कोणाच्याच मालकीची नसल्यामुळे तिचा खंड कोणी घेत नाही. जोवर थोडाही नफा दिसतो तोवर नवी बोट येत राहते, आणि नफा शून्यावर आला की मगच ती थांबते. मी आज सोडलेला मासा उद्या माझ्या जाळ्यात येईल याची हमी नसेल, तर तो सोडण्यात शहाणपण कसले?

वर येणाऱ्या पाण्यावरील मासेमारीत या दोषाला निसर्गाच्या लहरीची जोड मिळते. चांगल्या वर्षीच्या उत्पन्नावर बोटी बांधल्या जातात, आणि वाईट वर्षी त्या बोटींचे हप्ते फेडण्यासाठी उरलीसुरली मासळीही काढावी लागते. क्षमता सुकाळाच्या मापाने आणि साठा दुष्काळाच्या मापाने, हा तो व्यस्त मेळ होय. यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. पेरूने २००८ मध्ये कायदा करून एकूण पकडीचा कोटा प्रत्येक बोटीला वाटून दिला. आपला वाटा ठरलेला असल्यावर धावाधाव करण्याचे कारण उरत नाही. त्यातही बड्या कंपन्यांचे फावले, खलाशांचे रोजगार घटले, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु २०२३ मध्ये सरकारने हंगाम रद्द केला, उद्योगाने तो तोटा सोसला आणि २०२४ मध्ये सुमारे २५ लाख टनांच्या कोट्याने पहिला हंगाम पुन्हा सुरू होऊन तो कोटा जवळजवळ पुरा झाला, ही गोष्ट १९७२ शी ताडून पाहण्यासारखी आहे. दोन्ही वेळा समुद्र तापला होता. फरक पडला तो माणसाच्या वागण्यात.

आपली मोट, आपला गळफास

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात खालचे पाणी वर येते. केरळलगत त्या दिवसांत वाऱ्याचा रोख पुष्कळसा वायव्येकडून असतो. त्याच्या उजवीकडे अरबी समुद्र आहे. शिवाय दूरवरच्या वाऱ्यांनी उठविलेल्या, खोल पाण्यातून किनाऱ्याने प्रवास करणाऱ्या लाटाही यास हातभार लावतात. दक्षिणेत मे-जूनच्या सुमारास सुरू होणारी ही क्रिया उत्तरेकडे सरकत जाते आणि ऑक्टोबरच्या आसपास ओसरते. केरळात हे थंड पाणी पृष्ठभागावर येते. गोवा आणि त्याच्या उत्तरेकडे मात्र त्याची गती वेगळी. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आणि नद्यांचे गोडे पाणी यांचा काही मीटर जाडीचा हलका थर समुद्रावर झाकणासारखा पसरतो, आणि खालून आलेले पाणी त्या झाकणाखालीच अडते. तरीही तारली आणि बांगडा यांच्या पैदाशीचा हंगाम याच सुपीकतेशी जुळलेला आहे.

आपल्या समुद्राचे आणखी एक वैशिष्ट्य असे की येथे वर येणारे पाणी खताने श्रीमंत असले तरी प्राणवायूने अतिशय दरिद्री असते. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत जगातील प्राणवायूच्या सर्वांत मोठ्या तुटवड्यांपैकी एक आहे. असे पाणी भूखंड मंचावर चढते, वर प्लवकांचे भरघोस पीक येते, ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यालगत तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आढळण्यापर्यंत पाळी जाते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ही स्थिती अधिक तीव्र होत असल्याचे मांडले आणि शेतांतून वाहून येणारी खते त्यास कारण असू शकतील, अशी शक्यता वर्तविली. माणसाचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत आजही चर्चा आहे. पण मुळातच जेथे समुद्र आपले ताट भरून देतो आणि त्याच हाताने गळाही आवळतो, तेथे आपण नाल्यांतून आणखी खत व सांडपाणी ओतावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या चर्चेवर अवलंबून नाही.

तारलीचे आकडे पाहिले तर पेरूची आठवण होते. २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावर सुमारे ४ लाख टन तारली उतरली. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. त्यानंतर मासळी काही प्रमाणात परतली. ही चढउतार या माशाच्या स्वभावातच आहे. गेल्या शतकातही तो असा नाहीसा होऊन परतला होता. पण तेव्हा त्याच्या मागे यांत्रिक बोटींचा ताफा नव्हता आणि पिल्ले विकत घेणारे मत्स्यचूर्णाचे कारखानेही नव्हते. आज पश्चिम किनाऱ्यावर असे कारखाने आहेत, आणि गरिबाच्या ताटातील तारली कोळंबीच्या तलावांचे खाद्य होऊन परदेशी जेवणावळीत पोहोचते.

भविष्याचे चित्र साधे नाही. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापत असल्याने किनाऱ्यालगतचे वारे जोर धरतील आणि खालचे पाणी अधिक वर येईल, असा तर्क बाकुन यांनी १९९० मध्ये मांडला. उलट पृष्ठभाग तापला की वरखालच्या थरांतील पडदा घट्ट होतो आणि ढवळणे कमी होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरातील प्लवकांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे म्हटले आहे. कोणता परिणाम कोठे वरचढ ठरेल, हे किनाऱ्याकिनाऱ्यागणिक वेगळे असणार. अशा अनिश्चिततेत शहाणा शेतकरी बियाणे विकून खात नाही.

काय करावे?

पावसाळ्यातील मासेमारीबंदीकडे आपल्याकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. सरकार तिला सुरक्षिततेचा नियम समजते आणि बोटमालक अडथळा. वस्तुतः ती भांडवलाची देखभाल आहे. समुद्रातील सुगीचे खत नेमके त्याच महिन्यांत वर येते आणि त्याच महिन्यांत पुष्कळशी मासळी अंडी घालते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न लोटण्याचा आपल्या कोळी समाजाचा रिवाज या व्यवस्थेशी जुळणारा होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते असे सामुदायिक निर्बंध अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकले, हे दाखविल्याबद्दल. मात्र भांडवल सर्वांचे असेल तर त्याच्या देखभालीचा भार केवळ खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बाया यांनीच का वाहावा? शेतमजुराला दुष्काळात रोजगार हमी देणाऱ्या राज्याने बंदीच्या काळातील त्यांच्या मजुरीची हमी देणे हे तर्काला धरून होईल.

दुसरे असे की हैदराबादची सागरी माहिती सेवा उपग्रहांनी टिपलेले तापमान व पाण्याचा हिरवेपणा पाहून मासळी कोठे सापडेल याची सूचना मच्छीमारांना देते. हे विज्ञानाचे मोठेच यश आहे. पण मासा कोठे आहे हे सांगणारी यंत्रणा जितकी तत्पर, तितकी तो किती सोडावा हे सांगणारी यंत्रणा तत्पर नसेल तर त्या ज्ञानाने विनाशाचाच वेग वाढेल. ज्या निष्ठेने आपण दररोजचे पर्जन्यमान छापतो, त्याच निष्ठेने किनाऱ्यावरील पाण्याचे तापमान, प्राणवायू आणि उतरलेल्या मासळीतील पिल्लांचे प्रमाण छापले गेले पाहिजे. केरळने २०१५ पासून माशांच्या किमान आकाराचे नियम लागू केले. महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या झोतातील मासेमारीस मनाई केली. या नियमांची अंमलबजावणी बंदरावर किती होते, हे कोणत्याही किनाऱ्यावरील माणूस सांगेल. तिसरे, नव्या बोटींचे परवाने आणि कर्जे सुकाळाच्या वर्षाचे आकडे पाहून न देता दुष्काळाच्या वर्षाचे आकडे पाहून द्यावीत. बँकांच्या दृष्टीनेही तेच हिताचे ठरेल.

समुद्राच्या तळघरातील खत माणसाने निर्माण केलेले नाही आणि वाऱ्याची मोट त्याच्या आज्ञेने चालत नाही. ती कोणत्या वर्षी भरून येईल आणि कोणत्या वर्षी रिकामी, हेही त्याला आधी नेमके कळत नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की मोट रिकामी येईल त्या वर्षी पुढच्या पेरणीपुरते बी पाण्यात शिल्लक असावे. हे साधण्यासाठी पेरूला दोन वेळा दिवाळखोरीचे तोंड पाहावे लागले. आपल्या किनाऱ्याला ती शिकवणी पहिल्यापासून घ्यावयास लावू नये, एवढी अपेक्षा राज्यकर्त्यांकडून ठेवण्यास हरकत नसावी.